नुसती दारं बदलायची होती

“हे स्क्रू भुशाच्या बोर्डात धरायचे नाहीत.”

बोलून गेल्यावर वर्षाच्या लक्षात आलं, की आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं.

जव्हारच्या बाजारात विठ्ठलकाकांच्या हार्डवेअरच्या दुकानात ती सनमायका चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा घ्यायला आली होती. गणपती होऊन तीन-चार दिवस झाले होते. धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. पाऊस पडतोय की हवाच ओली झालीय, हे हात बाहेर काढल्याशिवाय कळत नव्हतं. तिच्या पुढे एक तरुण उभा होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, केसांवर पावसाचे बारीक थेंब — आणि हातात डझनभर बिजागऱ्या, गजऱ्याची पुडी धरावी तशा जपून धरलेल्या.

तो वळला. “माझा बोर्ड भुशाचा आहे, हे तुम्हाला कसं कळलं?”

“पंधरा वर्षांपूर्वी या गावात ज्यांनी ज्यांनी हौसेने किचन करून घेतलं, त्या सगळ्यांचा लाकडाचा भुसा दाबून केलेलाच आहे. इथल्या चार महिन्यांच्या पावसात तो पाणी पितो आणि फुगतो. सिंकखाली अंगठ्याने दाबून बघा, बिस्किटासारखा सुटेल.”

“दाबलं नाही अजून,” तो हसला. “भीती वाटते.”

विठ्ठलकाकांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. “अरे चैतन्य, ही वर्षा. साखरशेतची. ठाण्याला चार वर्षं किचनच्या कारखान्यात काम करून आलीय. मोखाडा रस्त्याला निळ्या पत्र्याची शेड आहे ना, ती हिची. आणि वर्षा, हा आपला औषधाच्या दुकानातला—”

“ओळखते,” वर्षा म्हणाली. मग जरा अडखळली. “म्हणजे… दुकान ओळखते. बोटाला पटाशी लागली होती, तेव्हा पट्टी तिथूनच नेली होती.”

“डाव्या हाताची तर्जनी,” चैतन्य सहज म्हणाला.

वर्षाने डावा हात नकळत ओढणीआड नेला. दोन महिने झाले होते त्या गोष्टीला.

त्याच दुपारी ती टेप आणि टॉर्च घेऊन त्याच्या घरी गेली. औषधाच्या दुकानामागेच घर होतं. तिथे तो आणि त्याची आई, दोघंच राहत. आई, कुसुमावती, सध्या नाशिकला बहिणीकडे होती. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं.

“घट बसायच्या आधी येईल ती,” चैतन्य स्वयंपाकघरातला दिवा लावत म्हणाला. “आल्या आल्या तिला सगळं नवं दिसलं पाहिजे. नुसती दारं बदलायची. पांढरीशुभ्र. आतले खोके तसेच राहू देत. तोडफोड नको, धूळ नको.”

वर्षा उकिडवी बसली. एकेक कपाट उघडून तिने आत टॉर्च मारला, बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. कुठे टक टक वाजलं, कुठे नुसतंच… बद्द.

“खरं सांगू? राग येणार नाही ना?”

“औषधाच्या दुकानात बसतो. वाईट बातमी रोज ऐकतो.”

“दारं बदलली की हे नवं दिसेल, पण असेल जुनंच. सिंकखालचा खोका फुगलाय. आत कुबट वास आहे, तो पांढऱ्या दाराने जायचा नाही. कोपऱ्यातल्या या कपाटात आज हात पोचत नाही, तो उद्याही पोचणार नाही. ट्रॉल्या टाकायच्या म्हटलं तर रुंदी पुरत नाही, आणि दार बदलून खोक्याचं माप काही बदलत नाही. बाजूच्या फळ्यांवर पांढरं चढवलं तरी कडेला जुनी तपकिरी रेघ डोकावणारच. खर्च म्हणाल, तर नव्याच्या निम्म्याहून जास्त. आणि सगळ्यात मोठं म्हणजे…” तिने वरच्या कपाटाकडे बोट केलं, “काकूंचा खांदा. हे कपाट त्यांच्या डोक्याच्याही वर आहे.”

चैतन्यने ते वरचं कपाट उघडून पुन्हा मिटलं. “तुम्ही काम मिळवायला आलाय, की घालवायला?”

“बघायला आलेय. जे दिसलं ते सांगितलं.”

“सगळं उचकटायचं तर महिना जाईल ना?”

“जाईल.”

“मग नको. दीड महिना ती दुसऱ्याच्या घरी राहिलीय. तिथे मावशीचं नवं किचन बघून रोज फोनवर त्याचंच सांगते. आपल्याकडे असं हवं, असं एकदाही म्हणत नाही. म्हणूनच…” त्याने वाक्य अर्ध्यातच सोडलं आणि गॅसवरचं पातेलं उतरवलं. “चहा घ्या. मग नाही म्हणा.”

चहात आलं भरपूर होतं. खिडकीतून धुक्याचा एक पदर आत येऊन ओट्यावर रेंगाळत होता. कारखान्यात असताना असल्या वरवरच्या कामांवरून वर्षाने सुपरवायझरशी कडाक्याची भांडणं केली होती. ‘नाही’ हा शब्द तिच्या जिभेवर तयारच असायचा. आजही होता. पण कप रिकामा करून ती म्हणाली, “आठ दिवस लागतील.”

बाजारपेठेतल्या घरातलं पहिलंच काम आहे, चार माणसं बघतील, असं तिने घरी जाताना स्वतःला समजावलं. ते खरं होतं. पुरतं खरं मात्र नव्हतं, आणि तेही तिला कळत होतं.

ते आठ दिवस भुर्रकन गेले. चैतन्य दुपारी दुकान बंद करून यायचा आणि दार धरायला उभा राहायचा.

“थोडं वर… अजून… बस. हलू नका.”

“श्वास घेतला तर चालेल?”

“हळूच घ्या. कड बिघडली तर तुमच्या नावावर.”

“सगळं माझ्याच नावावर टाकताय तुम्ही.”

“सध्या तरी दारच टाकतेय,” वर्षा ड्रिल चालवत म्हणाली, आणि ड्रिलच्या आवाजात तो काय पुटपुटला ते तिला ऐकू आलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. 

जुनी भोकं सोडून तिने नवी पाडली, कुजक्या जागी लाकडी गुट्ट्या ठोकल्या. वरच्या कपाटाशी मात्र तिचा हात थांबला. इथला बोर्ड एकदा स्क्रू धरेल, दुसऱ्यांदा धरणार नाही. काढून पुन्हा पिळला की आतला भुसा सुटणार. हे त्याला सांगायला ती वळली, तर तो तिच्या केसांकडे बघत होता.

“भुसा आहे,” तो म्हणाला. “इथे… कपाळाशी. काढू?”

“मी काढते,” ती म्हणाली. काढला. आणि सांगायचं ते राहून गेलं.

कुसुमावती आल्या, तेव्हा पांढऱ्या दारांवर सकाळचं ऊन पडलं होतं. उंबऱ्यातच थबकल्या. “अगं बाई!” एवढंच म्हणाल्या, आणि डाव्या हाताने एकेका दारावरून बोटं फिरवत राहिल्या. वर्षाला बोलावून त्यांनी खोबऱ्याच्या वड्यांचा डबाच हातात ठेवला. “मुलीच्या हातचं काम आहे हे, मी सगळ्यांना सांगणारे.”

सांगितलंही. मोखाड्याच्या शाळेतल्या प्रतिभा मॅडम ते किचन बघायला मुद्दाम आल्या आणि त्यांनी आपल्या नव्या घराचं अख्खं काम वर्षाला देऊन टाकलं.

आणि मग चैतन्यचे फोन सुरू झाले.

“बिजागरी कुरकुरते.”

वर्षा गेली. दार उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. “कुठे कुरकुरते?”

“आत्ता करत होती. तुम्ही आलात की गप्प होते.”

“शहाणी आहे.”

चार दिवसांनी दुसरा फोन. वरच्या कपाटाचं दार जरासं खाली आलंय. ती स्टुलावर चढली. स्क्रू खरंच सैल होता. तिने पिळला. उतरताना त्याने हात पुढे केला, आणि गरज नसताना तिने तो धरला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिसरा फोन. या वेळी तिने टॉर्च मारून पाहिलं. स्क्रूच्या डोक्यावर ताजे, चकचकीत ओरखडे होते. चुकीच्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने कुणीतरी झटापट केलेली. कोणी, ते विचारायची गरज नव्हती. तो खाली स्टूल धरून साळसूदपणे छताकडे बघत होता.

वर्षाला इतकं हसू आलं की तिला ओठ चावावा लागला. तेव्हाच म्हणायला हवं होतं — हे करू नका, हा बोर्ड आता धरणार नाही. पण बोललं असतं तर पुढचा फोन आला नसता. तिने स्क्रू पिळला. तो जागच्या जागी सैलसर फिरला, तेही तिला जाणवलं. गुट्टी घेऊन परवा येऊ, असं मनाशी ठरवून ती खाली उतरली. जाता जाता तिला आणखी एक गोष्ट दिसली. सगळे डबे ओट्यावर आणि ओट्याखाली जमिनीवर मांडलेले होते. पांढऱ्या दारांमागची वरची कपाटं रिकामीच होती.

तो परवा उजाडायच्या आत दार पडलं.

कुसुमावतींनी काहीतरी ठेवायला म्हणून डाव्या हाताने ते उघडलं, आणि बिजागरीसकट अख्खं दार त्यांच्या हातावर आलं. हाड वाचलं. पण मनगट टम्म सुजलं. वर्षा धावत पोचली तेव्हा शेजारच्या चंदाकाकू शेक देत बसल्या होत्या.

“मुलींनी असली कामं अंगावर घ्यायची म्हणजे…” चंदाकाकूंनी तिच्याकडे न बघताच म्हटलं.

“अंगावर घेतलं ते बरोबरच होतं, काकू,” वर्षा शांतपणे म्हणाली. “पण या कपाटाचा बोर्ड कुजलाय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी त्यावर दार लावलं. ही चूक माझी आहे. कुसुमाकाकू, मला माफ करा.”

मग तिने चैतन्यकडे पाहिलं.

तो भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. वर्षा थांबली. एक क्षण… दोन क्षण… त्याने फक्त मान वर करायची होती. एक वाक्य बोलायचं होतं. तो जमिनीकडेच बघत राहिला.

वर्षाने स्टूल ओढलं, त्या भिंतीवरची उरलेली दोन दारं स्वतः उतरवली, भिंतीशी नीट टेकवून ठेवली आणि बाहेर पडली. रस्त्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते दारामुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा मॅडमचा फोन आला. “वर्षा, काम सध्या राहू दे गं. ऐकलं मी जव्हारचं…”

“मॅडम, नाही म्हणायचं तर म्हणा,” वर्षा म्हणाली, “पण माझं ऐकून मग म्हणा. तासाभरात येते.”

तिने स्कूटर काढली. मोखाड्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी भात पिवळं पडत आलं होतं आणि चढावरच्या वरकस जमिनींवर खुरासणीचं पीक फुललेलं — डोंगराच्या उतारांवर कुणी हळद सांडावी तशी. एरवी ती थांबून बघत बसली असती. आज ती मनात वाक्यं जुळवत होती. रडायचं नाही. कारणं सांगायची नाहीत. कुठला बोर्ड वापरणार, ते तुकडा कापून दाखवायचं.

मॅडमच्या फाटकाशी एक ओळखीची मोटरसायकल उभी होती.

ओसरीवर चैतन्य उभा होता, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. प्रतिभा मॅडम खुर्चीत बसल्या होत्या.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “यांचंच ऐकत होते. पुन्हा सांगा हो, हिच्यासमोर.”

 या वेळी चैतन्यने मान वर केली. “दारं लावण्यात हिची चूक नव्हती. स्क्रू मी सैल केला होता. एकदा नाही, दोनदा.”

“का?” मॅडमनी विचारलं.

“ती यावी म्हणून.”

अंगणात कोंबडी कुठेतरी कुक्-कुक् करत होती.  वर्षाने हातातला बोर्डाचा तुकडा घट्ट धरला.

“आणि काल?” ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा कडक निघाला. “स्क्रू सैल करता आला, जीभ नाही आली सैल करता?”

“नाही आली. आईचा हात बघितला आणि… घाबरलो. लाज वाटली. तू निघून गेलीस तेव्हा कळलं, की याहून जास्त लाज वाटायची गोष्ट मी आत्ता केलीय.” आपण तिला ‘तू’ म्हणालो, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. “आज सकाळी आईला सांगितलं. मग चंदाकाकूंना. मग विठ्ठलकाकांना, म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच. मग इथे आलो.”

“आई काय म्हणाल्या?”

“म्हणाली, त्यापेक्षा सरळ तोंड उघडायचं होतंस. माझा हात तरी वाचला असता.”

मॅडमना हसू फुटलं. वर्षाला नाही. तिने बोर्डाचा तुकडा ओसरीच्या कठड्यावर ठेवला.

“मॅडम, माझंही ऐका. स्क्रू यांनी सैल केला हे मला कळलं होतं. ओरखडे दिसले होते. तो बोर्ड दुसऱ्यांदा धरणार नाही, हेही माहीत होतं. तेव्हाच सांगितलं असतं, तर काकूंना लागलं नसतं. नाही सांगितलं.” ती थांबली. मग चैतन्यच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “कारण मलाही यायचं होतं.”

 चैतन्यचे कान लाल झाले.

“हे बघा,” प्रतिभा मॅडम खुर्चीतून उठत म्हणाल्या, “तुमचं तुम्ही ठरवा. माझे खोके नवीन होणार आहेत ना?”

“नवीन. वॉटरप्रूफ प्लायचे. हा नमुना. बादलीत टाकून आठ दिवस ठेवा, मग काम द्या.”

“आठ दिवस नाहीत माझ्याकडे. दिवाळीच्या आत पाहिजे सगळं. लाग कामाला.”

फाटकाबाहेर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. सूर्यमाळच्या डोंगराच्या बाजूने गार वारा येत होता. दोघांपैकी कुणीच किल्ली फिरवेना.

“रागावलीस?”

“हो.”

“किती दिवस?”

“बघू. तुझ्या आईचा हात बरा होईपर्यंत तरी.” मग तिने हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि काचेआडून म्हणाली, “चैतन्य, मला बोलवायचं असलं तर नुसतं ‘ये’ म्हण. मला वाटलं तर मी येईन. काही मोडायची गरज नाही.”

“आणि नाही वाटलं तर?”

“तर तू ये. साखरशेतचा रस्ता माहीत आहे ना?”

त्याने मान हलवली, आणि इतकं मोठं हसला की तिला आपला राग तिथेच, खुरासणीच्या त्या पिवळ्या उतारावर सोडून द्यावा लागला.

मोखाड्याचं काम तिने दिवाळीच्या तीन दिवस आधी पुरं केलं. मधल्या काळात चैतन्य दोनदा साखरशेतला जाऊन आला. पहिल्यांदा वर्षाच्या वडिलांनी त्याला भात झोडपायला उभं केलं, आणि दुसऱ्यांदा त्याने येताना स्वतःहून जुने कपडे आणले. वर्षाच्या आईला त्याचं हे दुसरं येणं आवडलं.

भाऊबीज झाल्यावर कुसुमावतींनी वर्षाला निरोप धाडला, की सगळं उचकट, महिना लागला तरी लागू दे, मागच्या पडवीत शेगडी मांडलीय. अकरा पांढऱ्या दारांपैकी चारच नव्या मापात बसणार होती. बाकीची वाया गेली, हे वर्षाने आधीच स्पष्ट सांगून टाकलं. जुने खोके निघाले, जुना ओटा निघाला, आणि रिकाम्या भिंतीसमोर ती वही घेऊन उभी राहिली.

“काकू, आता तुम्ही सांगायचं. पीठ कुठे, डाळी कुठे, चहा-साखर कुठे. खांदा न उचलता हात कुठवर जातो, दाखवा.”

कुसुमावती तिच्याकडे बघत राहिल्या. “सव्वीस वर्षं इथे रांधतेय. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं गं. मलाही सुचलं नव्हतं सांगायचं.”

मग मात्र त्यांनी भराभर सांगितलं. कोपऱ्यात फिरती ट्रॉली, खाली खोल खण, वर काहीच नको, नुसती खिडकी मोठी कर. वर्षा लिहीत गेली. शेवटी ओट्याची उंची आली. तिने काकूंना भिंतीशी उभं करून कोपर दुमडायला सांगितलं, टेप लावला. “तुमच्यासाठी एकतीस इंच.”

“बरं. आता तू उभी राहा.”

“मी?”

“मग? मी एकटीच उभी राहणारे का इथे जन्मभर? तुझं माप घे आणि दोघींचं मधलं काढ.”

टेप तिच्या हातातून सर्रकन आत गेला. चार वर्षं कारखान्यात आणि दोन वर्षं स्वतःच्या शेडमध्ये असं कधी झालं नव्हतं. दारात चैतन्य चहाचे कप घेऊन खिळल्यासारखा उभा होता. आईने हे त्याला विचारून केलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं.

वर्षाने टेप पुन्हा ओढला. स्वतःचं माप घेतलं. “तेहतीस,” ती म्हणाली. मग वळली. “काकू, अजून एक राहिलं. चैतन्य, कप ठेव आणि इकडे ये. कोपर दुमड.”

“माझं कशाला?”

“मी साईटवर असले की भाकऱ्या कोण थापणार?”

कुसुमावती इतक्या हसल्या की त्यांना खांदा धरावा लागला. “घे गं, घे. त्याचं आधी घ्यायला हवं होतं!”

तो भिंतीशी येऊन उभा राहिला. कोपर दुमडलं. टेप लावायला ती वाकली, तेव्हा त्याचा श्वास तिच्या कपाळावर आला.

“वर्षा,” तो अगदी हळू म्हणाला, “मी आईला काही सांगायला सांगितलं नव्हतं. मी स्वतः विचारणार होतो. आज संध्याकाळी. कसं विचारायचं ते ठरवत होतो…”

“मग आत्ता विचार.”

“आईसमोर?”

“त्यांनी तर माझं माप काढून ठेवलंय.”

त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “करशील माझ्याशी लग्न?”

“करीन,” वर्षा म्हणाली. “छत्तीस. हलू नकोस.”

तिने तिन्ही मापं वहीत लिहिली, मधलं काढलं, आणि खाली बसून भिंतीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारायला घेतली. टेपचं दुसरं टोक चैतन्यने धरलं होतं. रेघ सरळ आली.